शेवटच्या रकान्यातलं नाव

कागद हातमोज्यात सापडला. आठ घड्या घातलेला, उजव्या हातमोज्याच्या अंगठ्यात कोंबलेला, आणि तेन्चाला तो सापडला तोही केवळ हातमोजा ओला होता म्हणून. शिकागोतल्या फेब्रुवारीत मुलांचे हातमोजे रोज रेडिएटरवर उलटे करून वाळत घालावे लागतात. हे काम सासूचं, पण त्या दिवशी ते राहून गेलं होतं. कागद कशाचा आहे यापेक्षा तो लपवला का, हा प्रश्न तेन्चाच्या मनात आधी आला. आठ वर्षांची पोर. तिच्यापाशी लपवण्यासारखं काय असणार? तिने कागद उलगडला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची भाषा, आणि दोन्हीकडे मध्यभागी एकच आकडा, सत्त्याण्णव. क्षणभर तिला आनंद झाला, ते का नाकारा. शंभरातले सत्त्याण्णव म्हणजे गणितच असणार, नवऱ्याला, एवारिस्तोला सांगायला हवं, पठ्ठ्या फुशारून जाईल. मग तिने एकेका शब्दावर बोट ठेवत सावकाश वाचलं. यारेत्सीच्या वयाच्या शंभर मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या तर सत्त्याण्णव जणी यारेत्सीपेक्षा हलक्या निघतील, असं शाळेच्या नर्सबाईंचं म्हणणं होतं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पालकांनी येऊन भेटावं. येताना सोबतचा तक्ता भरून आणावा. तक्त्यात सोमवार ते गुरुवार अशा ओळी होत्या, प्रत्येक वाराला पाच-सहा चौकोन होते, आणि वर रकान्यांची नावं होती: किती वाजता, काय खाल्लं, किती खाल्लं. शेवटचा रकाना होता, कुणी दिलं.

कुणी दिलं. हे दोन शब्द तिला फार आवडले नाहीत. हे दोन शब्द विचारणाऱ्याला उत्तर आधीपासून माहीत असतं. गावी एकदा कुणाची तरी कोंबडी मेली होती, तेव्हा गेररो प्रांताच्या डोंगरातल्या एका पोलिसाने तिच्या बापाला अशाच आवाजात विचारलं होतं, दाणे कुणी टाकले. तिने कागद पुन्हा त्याच आठ घड्यांत दुमडला, आणि आपणही तो लपवतो आहोत हे लक्षात आल्यावर मुद्दाम फ्रिजवर चिकटवला. रात्रभर तो तिथे होता. सकाळी सहाला ती कामावर निघाली तेव्हाही होता. संध्याकाळी साडेपाचला ती परत आली तेव्हा मात्र फ्रिजवर नुसतं लोहचुंबक होतं.

"कागद कुठाय?" तिने विचारलं.

"दप्तरात," यारेत्सी म्हणाली. "मला भरायचाय. नर्सबाई म्हणाल्या, मुलांनी भरला तरी चालेल."

"आणि हातमोज्यात का कोंबला होतास?"

पोरीने खांदे उडवले. ते खांदे आता गोल झाले होते, हे तेन्चाच्या तेव्हाच लक्षात आलं. कधी झाले? नोव्हेंबरात घेतलेल्या जाड जॅकेटची चेन आता अर्ध्यावर अडते, हेही तिने पाहिलं होतं, पण चेन खराब निघाली असं समजून तिने दुकानदारालाच चार शिव्या हासडल्या होत्या. माणसाला दुकानदाराचा संशय किती चटकन येतो!

तिच्या लहानपणी तिच्यावर असा संशय घ्यायला कुणाला सवडच नव्हती. तेन्चा काटकुळी होती, गावात तिला सगळे काडीच म्हणत. सकाळी गरम तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तिच्यावर मीठ आणि वाटलेली मिरची. दुपारी तेच, त्यात काळ्या घेवड्याचं पाणी. घेवडा असायचा, पण तो बापाच्या ताटात. तरीही तिला उपाशी राहिल्याची आठवण नव्हती. आठवण होती ती चुलीभोवती बसण्याची. आठजण एका तव्याकडे तोंड करून बसलेले, आई भाजून फेकते, हाताला चटका बसतो, ज्याच्या हातात पडेल तो अर्धी फाडून शेजाऱ्याला देतो. एकट्याने बसून जेवणारा माणूस तिने गावात फक्त एक पाहिला होता, तोही वेडा होता. इथे येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि इथे सगळेच वेड्यासारखे जेवत होते. हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात ती वाफेत उभ्या उभ्या बुरिटो गिळायची. एवारिस्तो रात्रभर पावाच्या कारखान्यात राबून सकाळी साडेसहाला घरी यायचा, पोरीला शाळेत सोडायचा, झोपायचा आणि साडेपाचला मालाच्या गोदामावर जायचा. नवराबायकोची भेट जिन्यावर. कधी तो वरून उतरताना एक पायरी थांबायचा, कधी ती चढताना. पडली तर रविवारीच काय ती गाठ.

कागदाचं तिने धुलाईखान्यात माक्लोवियाला सांगितलं, आणि सांगितल्यासरशी पस्तावली. माक्लोविया चादरींच्या इस्त्रीवर होती, आणि चादरीसोबत प्रत्येक गोष्ट ती चारही बाजूंनी ताणायची.

"शाळेत बोलावलंय? तक्ता दिलाय?" माक्लोवियाने इस्त्रीचं झाकण धाडकन खाली आणलं. "मग सांभाळ बाई. माझ्या मावसबहिणीच्या गल्लीत एकीचं असंच झालं. आधी तक्ता, मग सरकारी बाई घरी आली, मग तिने फ्रिज उघडून बघितलं."

"फ्रिज?"

"अगं, फ्रिज! आणि मग पोर कुठे झोपतं, किती जण झोपतात, बापाकडे इथे राहायचे कागद आहेत का नाहीत. पोर गेलं तिचं."

"गेलं म्हणजे?"

"दुसऱ्यांच्या घरी ठेवलं. गोऱ्यांच्या. आता म्हणे ते पोर कच्चं गाजर खातं."

मावसबहिणीच्या गल्लीतली गोष्ट खरी की खोटी हे विचारायची तेन्चाला हिंमत झाली नाही. माक्लोवियाच्या गोष्टींत अर्धं नेहमीच ताणलेलं असायचं, पण कोणतं अर्धं ते कळायचं नाही. यारेत्सी इथे जन्मलेली, तिच्यापाशी सगळे कागद होते. घरातल्या उरलेल्या तिघांकडे एकही नव्हता. म्हणजे या कागदांच्या गावात घरातला एकच माणूस खरा, आणि तोच उचलून नेण्यासारखा. बसमध्ये तिने डोळे मिटले, तेव्हा कुणीतरी तिच्या पोरीला कच्चं गाजर देत होतं, आणि यारेत्सी ते मुकाट्याने खात होती. ती खाणारच, कारण समोर आलेल्या ताटाला नाही म्हणायचं नाही, हे तिला याच घरात शिकवलं होतं. पायाशी लोळण घेऊन रडली तरी चालेल, पण वाढलेलं परत करायचं नाही. खुद्द तेन्चानेच शिकवलं होतं.

पण मग खायला घालतं कोण? तिने स्वतःचा हिशेब मांडला, आणि तो स्वच्छ होता. संध्याकाळी ती आली की एक ताट. घेवडा, भात, कधी कोंबडीचा तुकडा, दोन तोर्तिया. पोर तिच्यासमोर बसून ते संपवायची. दिवसभरात तेवढंच काय ते तिच्या देखत पोरीच्या पोटात जायचं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. उलट ते एक ताट नसतं तर पोर जगली कशी असती, असंही तिला कधी कधी वाटायचं. सकाळी एवारिस्तो कारखान्यातून गोड पाव आणतो, पण तो म्हणतो, पोर एखादा उचलते. शाळेत काही तरी देतात, पण शाळेतलं ते काय, पाणचट. राहिली सासू. सकाळी ती देवळात असते, पण शाळा सुटल्यापासून साडेपाचपर्यंत पोर दोन्या निकासियाच्या ताब्यात.

दोन्या निकासिया. सासूच्या नावाशी येऊन विचार थांबला आणि तिथून हलेना. खरं तर तो तिथेच यायला निघाला होता. सासूला जाड मूल म्हणजे देव भेटल्याचा आनंद. यारेत्सी तीन महिन्यांची असताना तिने कसं बाळसं धरलं होतं! मनगटाला वळ्या, मांड्यांना वळ्या. सासू तिला रस्त्याने कडेवर घेऊन निघाली की देवळाच्या पायरीवरच्या बायका थांबवून बघायच्या, आणि सासू प्रत्येकीला सांगायची, आधी हात लाव, मग कौतुक कर. हात न लावता कौतुक केलं की मुलाला नजर लागते, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही, पण सासू सांगायची, कारण सांगण्यात मिरवणं होतं. दुधाच्या बाटलीत ती मक्याची पातळ खीर घालायची. बाटलीच्या बुचाचं भोक तिने तापल्या सुईने मोठं केलं होतं, हे तेन्चाला फार उशिरा कळलं. तेव्हाही ती काही बोलली नाही. सासूची एक मुलगी गावी असताना वारली होती, अमालिया, तीन वर्षांची, पावसाळ्यातल्या जुलाबांत. शेवटी तिचे पाय चमच्यांसारखे झाले होते, असं सासू एकदाच म्हणाली होती. त्यानंतर तिच्या खिरीला बोलणार कोण?

पण आता बोलायला हवं होतं. बोलण्याआधी पुरावा हवा होता. तेन्चा सकाळी निघताना कोकच्या बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारू लागली. तोर्तियाच्या पिशवीत किती आहेत ते मोजू लागली. संध्याकाळी पोरीला जवळ घेऊन केस विंचरायच्या निमित्ताने तिचे हात हुंगू लागली. हातांना कधी साबणाचा वास यायचा, कधी भाजलेल्या मक्याचा. पोर स्थिर बसायची, जणू डॉक्टरकडे. कोक रेघेला जसाच्या तसा होता. तोर्तिया सात कमी. अंडी दोन कमी. आणि शनिवारी पोरीच्या पलंगाखाली झाडताना तिला पाण्याचा ग्लास सापडला, त्यात फोडलेलं अंडं, पांढरं दोऱ्यांसारखं वर चढलेलं. ते अंडं कशासाठी होतं हे तिला कळायला हवं होतं. तिच्या आईनेच तिच्या अंगावरून अशी शंभर अंडी फिरवली असतील. पण संशयाने माणसाचं डोकं इतकं एकमार्गी होतं की तिला वाटलं, कच्ची अंडी! आता कच्ची अंडी पाजते!

रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळे चौघे होते. एवारिस्तोचे डोळे अर्धे मिटलेले. टेबलावर हिरवी चटणी, भात, उकडलेली कोंबडी. यारेत्सीने अर्धी तोर्तिया घेतली, कोंबडीचा एक तुकडा कुरतडला आणि काटा बाजूला ठेवला. दर रविवारी असंच व्हायचं. आठवडाभर संपवणारी पोर रविवारी चिमणीसारखी खायची, आणि तेन्चाला ते नेमकं आज दिसलं.

"खा ना," ती म्हणाली. "की आधीच झालंय कुठे?"

"नको. भूक नाही," यारेत्सी म्हणाली.

"बघा. आमच्यासमोर भूक नाही. सगळे बघत असले की भूक नाही." तेन्चाने सासूकडे बघितलं. "आई, तुम्ही पोरीला चारता काय दुपारी?"

"चारते?" दोन्या निकासियाने हाडाचा तुकडा खाली ठेवला. "चारायला ती काय शेळी आहे?"

"तोर्तिया सात गेल्या. अंडी दोन."

"मोजतेस? माझ्या पोराच्या घरात अंडी मोजतेस?"

"हळू बोला," एवारिस्तो म्हणाला. "खाली ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू! अंडी कुठे गेली ते मी सांगते." सासू उठून उभी राहिली. "तिच्या पोटात नाही गेली. तिच्या अंगावरून फिरवली, डोक्यापासून पायापर्यंत. ती तुमची नर्स पोरीकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि हात म्हणून लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरीचं डोकं दुखत होतं. तुला कळलं का? तू तर नुसते हात हुंगतेस, कुत्र्यासारखी."

इथे तेन्चाने गप्प बसायला हवं होतं. अंडं कशाचं होतं हे कळल्याबरोबर तिला शरम वाटली, आणि शरम वाटली की तिची जीभ नेहमी जरा जास्तच चालायची.

"फिरवा ना, अंडी फिरवा! आणि बाटलीचं भोक कुणी मोठं केलं होतं? तुमची वाळून गेली, म्हणून माझी फुगवून मारणार आहात का?"

शब्द गेला. जाताना तिला तो दिसलासुद्धा, पण हात पुढे करून धरता येईना. एवारिस्तोने डोळे पूर्ण उघडले. सासूने आपलं ताट उचललं, सिंकमध्ये नेऊन धुतलं, पुसून फडताळात ठेवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. उद्यापासून माझ्या हाताने पोरीच्या ताटात काही पडणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तेन्चाला टोचलं. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून पलंगाखालची सूटकेस ओढल्याचा आवाज आला. ती सूटकेस घेऊन सासू अकरा वर्षांपूर्वी आली होती. गावी परत जायला कुणी अडवत नव्हतं. गेल्यावर पुन्हा मात्र येता आलं नसतं.

सोमवारी सूटकेस पलंगाखालीच होती. मंगळवारी ती दाराजवळ आली. अंडी डझनभर, तशीच्या तशी. तेन्चाला आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं, पण धुलाईखान्यात वाफेत उभी असताना तिच्या घशाखाली घास उतरेना. आणि पोर काही हलकी झालेली दिसेना. अर्थात दोन दिवसांत कोण हलकं होतं? तरी तिने मंगळवारी रात्रीचं ताट वाढल्यावर पोरीकडे बारकाईने बघितलं. पोरीने सगळं संपवलं, शेवटच्या दाण्यापर्यंत, आईकडे बघत. तेन्चाला ती नजर आवडली नाही. तिच्यात पाळत होती. कोण कुणावर पाळत ठेवत होतं या घरात?

पोर आंघोळीला गेली तेव्हा तिने दप्तर उघडलं. तक्ता पाठ्यपुस्तकात होता, पेन्सिलीने भरलेला, सोमवार आणि मंगळवार पूर्ण. यारेत्सीचं अक्षर मोठं, गोल. पावणेसात वाजता, तीन गोड पाव, घेवडा, चटणी. आठ वाजता, पाव, दूध, फळांचा रस. साडेअकरा, पिझ्झा, दूध. तीन वाजता, तोर्तिया आणि मीठ. सहा वाजता, भात, घेवडा, कोंबडी. तेन्चाने दोनदा वाचलं. पाच वेळा. पाच ताटं! आणि शेवटच्या रकान्यात, कुणी दिलं खाली, आठ आणि साडेअकराच्या पुढे शाळा असं लिहिलं होतं, आणि बाकी सगळीकडे एकच शब्द: मी. पावणेसातला मी. तीनला मी. सहाला मी. सहाचं ताट तर तेन्चाने स्वतः वाढलं होतं, तिथेसुद्धा पोरीने ठणठणीत खोटं लिहिलं होतं. म्हणजे सासू सुटली आणि पोर अडकली. पोर चोरून घेत होती, आणि वर धिटाईने कबूलही करत होती. शुक्रवारी हा कागद नर्सबाईंच्या हातात पडला तर त्या विचारणार, या घरात मूल स्वतःच घेऊन खातं, मोठी माणसं काय करतात? तिला गाजरं दिसू लागली.

बुधवारी तिने दुपारी एकला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पोट खरंच दुखत होतं, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. बसमधून उतरून ती पुढच्या दाराने गेली नाही, गल्लीतून मागे गेली. त्यांच्या इमारतीला मागे लाकडी जिना आहे, प्रत्येक मजल्यावर लहानसा सज्जा, आणि सज्ज्यावर स्वयंपाकघराची खिडकी. पायऱ्यांवर बर्फ कडक झाला होता. पकडायला जाणाऱ्या माणसाप्रमाणे ती चवड्यांवर चढली, दुसऱ्या मजल्यावर येऊन कपड्यांच्या दोरीआड उभी राहिली आणि काचेतून आत बघू लागली. स्वतःच्याच घरात असं बाहेरून बघताना ते घर कुणा दुसऱ्याचं वाटतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

टेबलावर एकच ताट होतं, रिकामं. त्यासमोर दोन्या निकासिया बसली होती. हात मांडीवर, डोळे समोरच्या भिंतीवर. ओट्यावर एकही भांडं चढलेलं नव्हतं. ती किती बारीक दिसत होती! गालांची हाडं वर आली होती. तीन दिवसांत माणूस एवढं बारीक होतं? की हेही तेन्चाने नोव्हेंबरापासून बघितलेलं नव्हतं? तेवढ्यात शाळेतून आलेल्या यारेत्सीने जॅकेट खुर्चीवर टाकलं, हात धुतले, फडताळातून तोर्तियांची पिशवी काढली, स्टुलावर चढून गॅस पेटवला आणि तव्यावर एक तोर्तिया टाकली. उलटली. पुन्हा उलटली. मिठाचा डबा काढला. मग आजीसमोर येऊन उभी राहिली, तोर्तियाचे दोन तुकडे केले आणि एक आजीच्या हातात कोंबला.

"नको," आजी म्हणाली. काच पातळ होती, सगळं ऐकू येत होतं. "तुझी आई ओरडेल. मी शब्द दिलाय."

"तू शब्द दिलायस मला न देण्याचा," यारेत्सी म्हणाली. "मी तुला देतेय. खा."

"तू?"

"मी खाते ना. हे बघ." तिने आपला तुकडा तोंडात घातला आणि मोठमोठ्याने चावला, तान्ह्या मुलासमोर आया चावून दाखवतात तसा. "आता तू. सोमवारी पण खाल्लंस ना? मी बसले तरच तू खातेस. मला माहितीय."

म्हातारीने तुकडा तोंडाशी नेला. यारेत्सी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, काल रात्री आईच्या तोंडाकडे बघत होती तशीच. आणि बाहेर, थंडीत, तेन्चाने दोरी घट्ट धरली. पावणेसात. तीन. सहा. एवारिस्तो म्हणतो, पोर एखादा पाव उचलते. एवारिस्तोला काय कळणार? तो जेवताना मान टाकून झोपतो. तिला माहीत आहे, लग्नानंतर पहिल्या वर्षी ती सकाळी त्याच्यासमोर बसायची, नाहीतर त्याचा चेहरा ताटात पडायचा. मग तिला कामाची वेळ बदलून मिळाली आणि त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी झाली. ती रिकामीच राहिली असं ती धरून चालली होती.

तिने मागचं दार ढकललं. दोघी दचकल्या. सासूच्या हातातून उरलेला तुकडा टेबलावर पडला, आणि सासूने तो झाकायला पटकन हात ठेवला. एवढ्या मोठ्या बाईला आपण चोर केलं, हे तेन्चाला त्या हातावरून कळलं.

"मीच दिली," यारेत्सी घाईघाईने म्हणाली. "आजीने नाही. तिने तर नको म्हटलं. तक्त्यात मी मीच लिहिलंय."

"बघितलं मी." तेन्चा जॅकेट न काढताच खाली बसली. "सकाळी पापासमोर कोण बसतं?"

"मी. मी बसले नाही तर तो जेवताना झोपतो. एकदा त्याचा हात चटणीत गेला होता आणि डोळे चोळले, मग ओरडला."

"आणि तू जेवतेस त्याच्याबरोबर?"

"नुसती बसले तर तो म्हणतो, तू का नाही खात? आणि खायचं थांबवतो."

"आणि संध्याकाळी? मी वाढते ना तुला? तिथेही मीच लिहिलंस?"

यारेत्सीने आजीकडे बघितलं, मग जमिनीकडे. आईला दुखवू नये म्हणून ती शब्द शोधत होती, हे दिसत होतं. आठ वर्षांची पोर.

"मी बसले नाही तर तू ओट्याशी उभी राहून खातेस," ती म्हणाली. "भांड्यातूनच. आणि मग रडतेस. मी बघितलंय."

तेन्चाला आठवेना की ती कधी रडली होती. मग आठवलं. गेल्या वर्षी, आई गेल्याचा फोन आला त्यानंतरचे दिवस. एकदाच असेल. दोनदा. तेव्हापासून ही पोर ताट घेऊन समोर येत होती आणि ती खुशीत वाढत होती, बरं झालं, एक ताट तरी पोरीच्या अंगी लागतं म्हणून. तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण रडली असती तर पोर पुन्हा काहीतरी खायला बसली असती.

"रविवारी मी कमी खाते," यारेत्सी पुढे म्हणाली, बचाव केल्यासारखी. "रविवारी तुम्ही सगळे असता."

तेन्चा उठली. तिने जॅकेट काढलं, फडताळातून मक्याची पिशवी काढली आणि मोठ्या पातेल्यात ओतू लागली. दर गुरुवारी त्यांच्या घरी पोसोले व्हायचं, गेररोच्या कुठल्याही घरात होतं तसं, हिरवं, मक्याचे फुगलेले दाणे आणि डुकराचं मांस घातलेलं. मका आदल्या दिवशी भिजवायचा असतो. अकरा वर्षांत तो दोन्या निकासियाने भिजवला नाही असा एकही बुधवार गेला नव्हता. तेन्चाने नळ सोडला. पाणी भरलं. पातेलं गॅसवर ठेवलं.

"चुना?" मागून सासूचा आवाज आला.

"काय?"

"चुना कुठाय? नुसत्या पाण्यात साल निघणार आहे का त्याची? दगड खायला घालणार आहेस सगळ्यांना?" सासू उठली होती. तिने पातेल्यात बोट बुडवलं, तोंड वाकडं केलं, खालच्या फळीवरून चुन्याचा डबा काढला. "आणि पाणी एवढं? तुझ्या आईने शिकवलं नाही का काही?"

"नाही शिकवलं," तेन्चा म्हणाली. "आई, रविवारी माझ्या तोंडून जे गेलं ना... तेव्हापासून मला घास जात नाही. तुमची अमालिया..."

"तिचं नाव घेऊ नकोस." सासूने चुना ढवळला. "घेतलंस तर नीट घे. चमच्यासारखे पाय म्हणून नको. तिला गोड आवडायचं. तेवढं लक्षात ठेव."

तेन्चाने मान हलवली. मग तिने तवा पुन्हा तापवला, कालचा घेवडा गरम केला, दोन ताटं मांडली आणि समोरासमोर ठेवली. यारेत्सीने सवयीने तिसरं ताट काढलं.

"ते ठेव परत," तेन्चा म्हणाली.

"मी बसते ना."

"नको. मी बसतेय आजीबरोबर. आम्ही दोघी आहोत."

पोर ताट हातात घेऊन उभी राहिली. तिला हातांचं काय करावं ते कळेना. काम सुटलेल्या माणसासारखी ती आईकडे, मग आजीकडे बघू लागली. सासू खुर्चीवर बसली, घेवड्यात तोर्तिया बुडवली, खाल्ली. "मीठ नाही," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला. तेन्चाने तिसरा मोजला आणि मग मोजणं सोडलं. तिच्याही घशाखाली घास उतरत होता, जरा दुखत होता, पण उतरत होता.

"संध्याकाळी मग तू काय करशील?" यारेत्सीने विचारलं.

"आत्ता जेवले. संध्याकाळी तू भूक असली तर जेव, नसली तर नको. ताटाला नाही म्हणायचं असलं तर म्हण. मी सांगते ना, चालतं."

"आणि सकाळी पापा?"

सहाला तिला निघावंच लागणार होतं. शुक्रवारी नर्सबाईंसमोर काय सांगायचं हेही तिला ठाऊक नव्हतं. नर्सबाई कागद घेऊन काय करतात, फ्रिज बघायला येतात की नाही, ते शुक्रवारीच कळणार होतं. तक्ता मात्र आहे तसाच द्यायचा, एवढं तिने ठरवलं. शेवटच्या रकान्यातला तो शब्द खोडायचा नाही.

"मी जाईन संध्याकाळच्या प्रार्थनेला," दोन्या निकासिया ताटातून मान वर न करता म्हणाली. "देव काय सकाळीच असतो का? सकाळी मी एवारिस्तोसमोर बसेन. झोपला तर चिमटा काढेन. माझं पोर आहे, मला अधिकार आहे."

यारेत्सी हसली. तिने ताट फडताळात ठेवलं, दप्तरातून तक्ता आणि पेन्सिल काढली, ओट्याशी उभं राहून बुधवारच्या ओळीत लिहिलं, तीन वाजता, अर्धी तोर्तिया. मग आईला विचारलं, "खाली डेसिरे खेळतेय. जाऊ?" तेन्चाने हो म्हटलं. पोरीने जॅकेट घातलं, चेन अर्ध्यावर अडली तिथेच सोडली आणि लाकडी जिना दाणदाण वाजवत ती खाली गेली. दोघी जेवणं थांबवून तो आवाज ऐकत राहिल्या. मग सासूने तेन्चाच्या ताटाकडे हनुवटीने खूण केली.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."